‘कोणाचे चुकले?’ की ‘कुठे चुकले?’

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ हे वाक्य आता महाराष्ट्रात कुणालाच नवे राहिलेले नाही. रेशनच्या दुकानात अंगठा उमटवण्यासाठी उभ्या असलेल्या आजीबाईंना ते ऐकावे लागते. सातबाऱ्यासाठी एसटीने तालुक्याला आलेल्या शेतकऱ्याला ऐकावे लागते. पासबुक भरून घ्यायला गेलेल्या निवृत्त गुरुजींचीही त्यातून सुटका नाही. आणि गंमत अशी, की ऐकणारा वाद घालत नाही. पूर्वी ‘साहेब रजेवर आहेत’ असे उत्तर मिळाले, तर ‘मग चार्ज कोणाकडे आहे?’ असे विचारणारा एखादा तरी खमक्या रांगेत निघायचा. सर्व्हरच्या बाबतीत तसे कोणी विचारत नाही. पाऊस लांबला तर त्याला कोण काय करणार, त्याच चालीवर आपण पिशवी उचलतो आणि घरी येतो.

माझे म्हणणे असे, की हा समजूतदारपणा आपण चुकीच्या जागी दाखवतो आहोत. सर्व्हर बंद पडतो त्याचे कारण कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी तारेत, कुठल्यातरी फाइलमधल्या एका ओळीत असते आणि ते शोधून काढता येते. ते शोधण्याची एक विद्या आहे. ती जाणणारी माणसेही आपल्याकडे आहेत. अडचण अशी, की काही बिघडले म्हणजे आपल्या कचेऱ्यांत पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणाचे चुकले?’ हा. ‘कुठे चुकले?’ हे विचारायची पाळी येईपर्यंत कोणीतरी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलेले असते आणि सगळा पुरावा पुसला गेलेला असतो.

या विद्येची ओळख करून देण्यासाठी मी जरा आडवाटेचे उदाहरण घेणार आहे. मेनफ्रेम नावाचा महाकाय संगणक, त्यावर चालणारी लिनक्स ही कार्यप्रणाली आणि तिच्या आधाराने चालणारे, फाइली वाटून वापरू देणारे साम्बा नावाचे सॉफ्टवेअर. बँकेतल्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत संगणक विभागाशी माझा रोजचा संबंध आला आणि तेव्हापासून या विषयाचे वाचन सुटले नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला रहस्यकथेचा मोह आवरत नाही, हेही त्याचे एक कारण असेल. कारण येथे गुन्हा एक असतो, मजले पाच असतात आणि प्रत्येक मजल्यावरचा रहिवासी शपथेवर सांगत असतो, की आमच्याकडे सगळे ठीक आहे.

एका इमारतीत हजारो बिऱ्हाडे

आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिचेच वंशज आज जगातल्या अनेक मोठ्या बँका आणि विमा कंपन्या यांचे हिशेब सांभाळतात. आपल्या पुण्या-मुंबईच्या हजारो मुलामुलींनी १९९०च्या दशकाच्या अखेरीला ‘वाय-टू-के’च्या निमित्ताने ज्या कोबोल प्रोग्रॅमांची डागडुजी केली, त्यांतले कितीतरी याच घराण्यातल्या यंत्रांवर चालत होते.

या यंत्राची एक खुबी अशी, की ते एक असून अनेक असल्याचा आभास निर्माण करू शकते. १९७२ साली आलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीने ते रूढ केले. चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला जर असे वाटू लागले, की अख्खी इमारत आपल्या एकट्याचीच आहे, नळही आपलाच आणि जिनाही आपलाच, तर कसे होईल? तसेच ते. खाली राहणारा मालक, म्हणजे व्हीएम, पाणी आणि वीज इतक्या चतुराईने फिरवतो, की शेजारी आहेत याचा कोणाला पत्ता लागत नाही.

दुसऱ्या टोकाला लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या घरातल्या साध्या पीसीसाठी ती लिहायला घेतली. आतली सगळी यंत्रणा उघडी; कोणीही पाहावी, बदलावी. गरिबाघरची ही पोर पुढे मोठ्या वाड्यात सून म्हणून गेली. जर्मनीतल्या बोब्लिंगेन येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत ती मेनफ्रेमवर चालवण्याचे काम झाले आणि डिसेंबर १९९९मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. पुढच्याच वर्षी डेव्हिड बॉइस या अभियंत्याने एकाच मेनफ्रेमवर तब्बल ४१,४०० लिनक्स एकाच वेळी सुरू करून दाखवल्या. शेकडो छोटे सर्व्हर, त्यांची वीज, त्यांची जागा, त्यांचे वातानुकूलन हे सगळे एका कपाटात मावू शकेल, हे व्यवहारी लोकांच्या लगेच लक्षात आले. फाइली ठेवण्याचे सर्व्हरही मग या कपाटात आले.

भाषा न शिकवता शिकलेला माणूस

आता साम्बा. कचेरीतल्या चाळीस जणांनी एकाच जागी ठेवलेल्या फाइली आपापल्या टेबलावरून उघडायच्या, तर टेबलावरचा संगणक आणि सर्व्हर यांची बोलण्याची भाषा ठरलेली हवी. विंडोजच्या जगात या भाषेला एसएमबी म्हणतात. ती मुळात आयबीएममध्येच, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली आणि तिचे बारकावे स्वतःजवळ ठेवले.

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता. आपल्या पीसीवरून विद्यापीठाच्या युनिक्स यंत्राची डिस्क वापरता यावी, एवढीच त्याची गरज. १९९१च्या अखेरीला त्याने तारेवरून जाणारे संभाषण टिपून घेणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि ते ऐकत ऐकत सर्व्हर उभा केला. आपली पद्धत सांगताना तो फ्रेंच उपाहारगृहाचा दाखला देतो: भाषा येत नसली, तरी शेजारच्या टेबलावर कोण काय बोलतो आणि त्याच्यापुढे कोणता पदार्थ येतो, हे चिकाटीने पाहत राहिले तर शब्द कळू लागतात. ‘साम्बा’ हे नावही असेच शोधलेले. एस, एम आणि बी ही तीन अक्षरे याच क्रमाने असलेला शब्द त्याने संगणकातल्या शब्दयादीत धुंडाळला.

या भाषेचे व्याकरण अधिकृतपणे हाती यायला पुष्कळ वर्षे लागली. युरोपीय आयोगाने २००४ साली मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय दिला, २००७च्या सप्टेंबरात न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात १०,००० युरो एकरकमी भरून साम्बाच्या मंडळींना ती कागदपत्रे पाहण्याचा करार झाला. तोपर्यंतची सोळा वर्षे हे लोक बिघाडावरूनच भाषा शिकत होते. सर्व्हरने काही चुकीचे उत्तर दिले की विंडोज रुसायचे. ते का रुसले हे शोधले की व्याकरणाचा आणखी एक नियम कळायचा.

प्रत्येक मजल्यावर ‘आमच्याकडे ठीक आहे’

एखाद्या कचेरीतून सकाळी तक्रार येते, ‘फाइल उघडत नाही.’ इतकीच. आता पाहा: तक्रार करणाऱ्याच्या टेबलावर विंडोज आहे. तेथून तार आणि स्विच. मग मेनफ्रेमचे नेटवर्क कार्ड, जे अनेक बिऱ्हाडांत सामाईक आहे. त्यावर व्हीएम. त्यावर लिनक्स. त्यावर साम्बा. आणि बाजूला, पासवर्ड खरा की खोटा हे सांगणारा आणखी एक सर्व्हर. प्रत्येक मजल्याची माणसे वेगळी, बहुतेक ठिकाणी कंत्राटदारही वेगळे. मेनफ्रेमवाले केस पिकलेले, त्यांना विंडोज म्हणजे पोरखेळ वाटतो. विंडोजवाले तरुण, त्यांना मेनफ्रेम म्हणजे पुराणवस्तू. दूरध्वनीवर सगळे एकत्र येतात आणि सगळ्यांचा सूर एकच: आमच्याकडे ठीक आहे. यातली मेख अशी, की बहुतेक वेळा ते सगळेच खरे बोलत असतात. प्रत्येक मजला आपापल्या जागी ठीक असतो. बिघाड दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात असतो. असे काही नमुने पाहू.

पहिला नमुना. सर्व्हर सुरू आहे, पत्ता देऊन उघडला तर फाइली दिसतात. पण विंडोजच्या शेजाऱ्यांच्या यादीत त्याचे नावच येत नाही. त्या काळातले विंडोज संगणक ‘मी येथे आहे’ असे गॅलरीत उभे राहून सगळ्यांना ओरडून सांगत आणि त्यावरून यादी बने. मेनफ्रेमचे सामाईक कार्ड जुन्या मांडणीत फक्त नेमका पत्ता असलेली पत्रे वाटत असे. ‘सर्वांना’ अशी हाक कोणत्या बिऱ्हाडाची हे न कळल्याने ती दारातच विरे. साम्बा ठीक, कार्ड ठीक, विंडोज ठीक. यावर उपाय निघाला तो ओरडणे सोडून नोंदवहीत नाव लिहिण्याचा, म्हणजे नावे आणि पत्ते सांगणारा एक नोंदणी सर्व्हर नेमण्याचा.

दुसरा नमुना. लॉगिन होते, यादी दिसते, छोटी फाइल उघडते आणि मोठी फाइल घेतली की सगळे थिजते. नवखा माणूस डिस्कवर संशय घेतो. मुरलेला माणूस विचारतो, पार्सल केवढे? नेहमीच्या नेटवर्कवर एका पार्सलात १५०० बाइट्स जातात. मेनफ्रेमचे कार्ड ८९९२ बाइट्सपर्यंतचे पार्सल पाठवू शकते. मधल्या एखाद्या स्विचला एवढे मोठे पार्सल मान्य नसेल, तर तो ते मुकाट्याने टाकून देतो. छोट्या चिठ्ठ्या पोचतात, पेटारा अडकतो. हे शोधायला तासभरही लागत नाही: वेगवेगळ्या आकाराची चाचणी पार्सले पाठवायची आणि कोणत्या आकाराला उत्तर येणे थांबते ते पाहायचे.

तिसरा नमुना घड्याळाचा. विंडोजच्या जगातली पासवर्ड तपासणारी कर्बेरॉस ही पद्धत दोन्हीकडच्या घड्याळांत सर्वसाधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. कोणी चोरून ठेवलेला जुना निरोप पुन्हा वापरू नये, म्हणून ही अट. आपली भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. कोणी नवे बिऱ्हाड उभारताना भारतीय वेळ जागतिक वेळ म्हणून भरली, की पासवर्ड अगदी बरोबर असूनही दार उघडत नाही. वापरणारा बिचारा पासवर्ड बदलत बसतो.

चौथा नमुना माझ्या विशेष आवडीचा. लिनक्स साध्या पीसीवर वाढलेली. तिला एक सवय होती: सेकंदाला १०० वेळा घड्याळ पाहायचे, काही काम आहे का ते तपासायचे. एकट्याच्या बंगल्यात याने कोणाचे काही बिघडत नाही. पण मेनफ्रेमच्या चाळीत ३०० बिऱ्हाडे असतील, तर काहीही काम नसताना सेकंदाला ३०,००० वेळा जाग येते आणि मालकाला वाटते, सगळेच कामात आहेत. यंत्र सुस्त का झाले, याचे उत्तर कोणत्याही दोषात नव्हते. एका निरुपद्रवी सवयीत होते. काम असेल तेव्हाच घड्याळाने उठवावे, असा बदल पुढे करण्यात आला.

नऊ आणि दोनशे पंचावन्न

हे सगळे वाचताना मला पदोपदी जुनी बँक आठवते. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली, त्याच्या आगेमागे नोकरीला लागलेली आमची पिढी. हाताने लिहिलेल्या लेजरांची बेरीज जनरल लेजरशी जुळेना, की रात्र तेथेच. अशा वेळी जुने हेडक्लार्क पहिल्या पानापासून शोधायला बसत नसत. ते आधी फरकाकडे बघत. फरकाला नऊने पूर्ण भाग जातो का? जात असेल, तर बहुधा कोणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिले आहेत: ५४६३च्या जागी ५४३६, फरक २७. भाग जात नसेल आणि फरक सम असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेचे व्हाउचर शोधा. जमेची रक्कम नावे पडली असेल. फरकाचा स्वभाव ओळखला, की शेकडो पानांतली नेमकी चार पाने उघडावी लागत.

संगणकात हाच खेळ वेगळ्या पटावर चालतो. मोठी संख्या अनेक बाइट्सची मिळून बनते. मेनफ्रेम मोठा भाग आधी लिहितो, पीसी लहान भाग आधी. आपण नाही का, लिहिताना २५ असे लिहितो, दोन आधी. आणि बोलताना ‘पंचवीस’ म्हणतो, पाच आधी? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते ते वाचकांना आठवत असेल. संगणकवाल्यांनी या भांडणाला स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून नावे घेतली आहेत. उकडलेले अंडे रुंद टोकाकडून फोडावे की निमुळत्या, यावरून तेथे युद्ध होते. एसएमबीची भाषा पीसीच्या बाजूची, मेनफ्रेम दुसऱ्या बाजूचा. साम्बा लिहिणाऱ्यांनी प्रत्येक संख्या पाठवताना आणि घेताना क्रम सांभाळायची सोय केली म्हणून हा कारभार चालतो. एखाद्या जागी ते राहून गेले, तर २५८ही संख्या ५१३ अशी वाचली जाते. फरक २५५. शेजारचे दोन बाइट्स उलटले, तर फरकाला नेहमी २५५ने भाग जातो; आमच्या हेडक्लार्कांच्या नवाचा हा थोरला भाऊ.

अक्षरांचीही तीच कथा. मेनफ्रेमची जुनी प्रणाली ‘ए’ हे अक्षर १९३ या अंकाने ओळखते, लिनक्स ६५ने. एकाच कपाटात शेजारी राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांत फाइल भाषांतर न करता गेली, तर पत्राचा चिवडा होतो. आणि छायाचित्राची फाइल उगाच भाषांतर करून पाठवली, तर छायाचित्राचा. कुठे भाषांतर हवे आणि कुठे नको, हे ठरवायला माणूसच लागतो.

क्रम सोडायचा नाही

साम्बाबरोबर वर्षानुवर्षे तपासणीची एक यादी दिली जात असे. दहा-अकरा पायऱ्या. आधी सर्व्हरची नियमांची फाइल नीट लिहिली आहे का ते बघा. मग दोन यंत्रे एकमेकांना हाक देतात का बघा. मग सर्व्हर स्वतःलाच फाइली दाखवतो का. मग नाव कळते का. आणि या सगळ्यानंतर, शेवटी, विंडोजच्या खिडकीत जाऊन बघा. एक पायरी चुकली, तर ती दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. वापरणारा मात्र नेमका शेवटच्या पायरीवर उभा राहून ओरडत असतो आणि आपली सगळी धावपळ त्याच पायरीवर होते.

या विद्येचे नियम घरातल्या मिक्सरलाही लागू पडतील इतके साधे आहेत. खालून वर जा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि चालू झाले, तर कशाने चालू झाले हे कधीच कळणार नाही. काल चालत होते आणि आज नाही, तर मध्ये काय बदलले ते विचारा. सर्व्हर स्वतःची डायरी लिहीत असतो, ती वाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बंद करून पुन्हा सुरू करण्याआधी पुरावा जपून ठेवा. मेनफ्रेमच्या जगात ही जुनी शिस्त आहे. यंत्र कोलमडले, तर त्या क्षणीची सगळी स्मृती जशीच्या तशी उतरवून ठेवायची, म्हणजे तोच बिघाड दुसऱ्यांदा होण्याची वाट पाहावी लागत नाही. मेनफ्रेमवरच्या लिनक्सलाही हे करता येते. पंचनामा आधी, साफसफाई मागाहून.

यावर कोणी म्हणेल, रांगेत माणसे उभी असताना पंचनामे कसले करता? सेवा आधी सुरू करा. मला ते मान्य आहे. पण स्मृती उतरवून ठेवायला लागणारा थोडा वेळ आणि दर आठवड्याला तोच सर्व्हर पडल्याने वाया जाणारे लोकांचे दिवस, यांची तुलना एकदा कोणीतरी कागदावर मांडायला हवी. पुन्हा सुरू करणे म्हणजे ताप उतरवणे. ताप का आला, हे त्याने कळत नाही.

किंमत कोण मोजतो?

ती किंमत केवढी असू शकते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. जून २०१२मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहात रात्रीची कामे ओळीने लावणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली गेली. अडचण दिसताच ती मागे घेतली. पण नवी आणि जुनी यांचा मेळ बसत नव्हता. ब्रिटनमधल्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याचा फटका बसला. पगार जमा होईनात, शिल्लक चुकीची दिसे. उल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल तर काही आठवडे चालले. नोव्हेंबर २०१४मध्ये दोन नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड ठोठावला. येथे ध्यानात घेण्याजोगी बाब दंडाच्या रकमेपेक्षा वेगळी आहे. त्यांनी कारणांचा तपशील जाहीर केला, बिघाड कुठे झाला आणि तो होऊ देणारी व्यवस्था कुठे कमी पडली ते सांगितले. जबाबदारी ठरली, पण जागा ठरल्यावर.

आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबर २०२०च्या आदेशान्वये एचडीएफसी बँकेला वारंवार सेवा खंडित झाल्याबद्दल नव्या डिजिटल योजना तात्पुरत्या थांबवायला लावल्या होत्या. ते निर्बंध मार्च २०२२पर्यंत पूर्णपणे उठले. म्हणजे नियामकाची नजर आहे. पण रेशन दुकानाच्या, तलाठी कार्यालयाच्या, छोट्या पतसंस्थेच्या सर्व्हरचा नियामक कोण?

जुनी दारे वेळेवर न बुजवण्याची किंमतही आपण पाहिली आहे. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा जंतू जगभर पसरला आणि ब्रिटनमधली रुग्णालयेही त्याने ठप्प केली. तो शिरला विंडोजमधल्या याच एसएमबी भाषेच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीतल्या भगदाडातून. त्याच महिन्यात साम्बामध्येही एक गंभीर दोष सापडला आणि तातडीने दुरुस्त करण्यात आला. २०१९च्या सप्टेंबरात साम्बाने ती जुनी आवृत्ती मुळातच बंद ठेवायचे ठरवले. त्यावर लगेच नव्या तक्रारी: ‘झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेले कागद सर्व्हरवर जात नाहीत.’ कारण त्या मशीनला जुनीच भाषा येते. आणि कितीतरी ठिकाणी यावर केलेला उपाय कोणता? मशीनसाठी जुने दार पुन्हा उघडून ठेवणे. कागद जाऊ लागतात, सगळे खूश. भगदाड तसेच.

तेव्हा माझ्या अपेक्षा तीन आहेत. सार्वजनिक सेवा देणाऱ्या प्रत्येक कचेरीत बिघाडाची वही असावी: केव्हा बंद पडले, काय दिसले, काय काय करून पाहिले, कारण कुठे सापडले. आणि तिचा सारांश साध्या मराठीत दारावर लागावा. दुसरी, कंत्राटे मजल्यामजल्यांची खुशाल द्या, पण सगळे जिने ठाऊक असलेला एक तरी माणूस संस्थेने स्वतःच्या पगारावर ठेवावा आणि त्याची दर तीन वर्षांनी बदली करू नये. तिसरी, ‘काल रात्री मी ही ओळ बदलली’ असे पुढे येऊन सांगणाऱ्या माणसाला त्या सांगण्याबद्दल शिक्षा होऊ नये. तशी शिक्षा एकदा झाली, की दुसऱ्या दिवसापासून डायऱ्या कोऱ्या निघू लागतात.

राहिला प्रश्न आपला, म्हणजे रांगेत उभ्या असणाऱ्यांचा. आपल्याला एसएमबी कळायला नको, बाइट्सचा क्रमही नको. खिडकीवर पुढच्या वेळी ते परिचित वाक्य ऐकू आले, तर पिशवी उचलण्याआधी एवढेच विचारावे: मागच्या वेळी बंद पडला होता, तेव्हा कारण काय सापडले होते? उत्तर मिळाले, तर समजावे की येथे कोणीतरी शोधते आहे. उत्तर मिळाले नाही, तर तोच प्रश्न कागदावर लिहून द्यावा आणि पोच घ्यावी.